बोगद्यातले साहेब

खासदाराच्या ऑफिसात दोन गोष्टी न मागता साठतात. शाली आणि किस्से. शालींचं बरं असतं. आज साहेबांच्या खांद्यावर पडलेली शाल उद्या दुसऱ्याच कोणाच्या सत्काराला निघून जाते. एकदा तर आम्ही दिलेली शाल गावोगाव फिरून साहेबांच्याच खांद्यावर परत आली. कोपऱ्यातला चहाचा डाग पाहून मीच ओळखली! किस्से मात्र असे कोणाला देता येत नाहीत. घरी सांगायला घेतले की नवरा म्हणतो, "तू हासून राहिली का रडून राहिली, ते तं ठरव आधी!"

मतदारसंघ कोणता ते विचारू नका. माझं माहेर तिवसा, सासर अकोला आणि ऑफिस या दोहोंच्या मधे कुठंतरी. अमरावतीवाले म्हणतात ही अकोल्याकडची गोष्ट असणार, अकोलेवाले म्हणतात अमरावतीकडची. दोघांनाही तसंच वाटू द्या.

ऑफिसात आम्ही तिघं. नाना म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले नागरिकशास्त्राचे मास्तर, ते ऑफिस सांभाळतात. रफीकभाई साहेबांची गाडी चालवतात. आणि मी सुनंदा, चहा सोडून बाकी सगळं करते. साहेब अधूनमधून येतात. साहेब वाईट माणूस नाहीत हो, हेच तर दुखणं आहे! वाईट असते तर चार शिव्या घालून मोकळे झालो असतो.

*

लोकांना खासदार म्हणजे काय ते नीटसं माहीत नसतं. आमच्याकडे नाली तुंबल्याची तक्रार येते, डीपी जळल्याची येते, शेजाऱ्याच्या कोंबड्यांचीसुद्धा येते. नाना प्रत्येकाला बसवून वर्ग घेतात. नाली नगरपालिकेची, डीपी वीज कंपनीची, आमदार मुंबईत, खासदार दिल्लीत.

एक दिवस असाच एक नालीवाला आला होता. नाना म्हणाले, "हे पाहा, साहेबांचं काम नालीचं नाही. साहेब संसदेत बसून देशासाठी कायदे करतात."

"असं व्हय?" तो माणूस खरंच प्रभावित झाला. "कोनता केला?"

नानांनी पंख्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. रफीकभाई गाडी पुसायची आठवण झाल्यासारखे बाहेर गेले. तो बिचारा खरंच विचारून राहिला होता, त्याला काही टोमणा मारायचा नव्हता. शेवटी नाना म्हणाले, "चहा घेता का?"

त्याच दिवशी बाकावर सकीनाबी बसली होती. तिची पाळी आली तेव्हा नानांनी जरा थकूनच विचारलं, "बोला, तुमची कोणती नाली?"

"नाली नाई मास्तर. रेल्वेचा बोगदा."

नाना ताठ बसले. रेल्वे म्हणजे केंद्र सरकार, म्हणजे दिल्ली, म्हणजे खासदार! इतक्या वर्षांत बरोबर खिडकीवर आलेलं हे पहिलं माणूस.

सकीनाबीच्या गावाजवळ पूर्वी रेल्वेचं फाटक होतं. ते बंद करून रुळाखालून बोगदा काढला. पावसाळ्यात बोगद्यात पाणी भरतं आणि गाव पलीकडे अडकून पडतं. मागच्या पावसात तिच्या सुनेला, शबनमला, कळा सुरू झाल्या. अँब्युलन्स बोगद्याच्या या बाजूला, बाई त्या बाजूला. खाटेवरून रुळावर चढवेपर्यंत उशीर झाला आणि लेकरू गेलं.

"आता फिरून दिवस हायेत तिले," सकीनाबी म्हणाली. "पावसातच भरतात. मले दुसरं कायी नाई पायजे. तेवढं पानी काढा."

मी तिला पाणी दिलं. ग्लास हातात घेऊन ती कसनुशी हसली.

*

साहेबांच्या निधीतून एका फाट्यावर प्रवासी निवारा बांधला होता. निवारा म्हणजे चार खांब, वर एक पत्रा, आणि पत्र्यापेक्षा मोठं साहेबांचं नाव. नाव लोखंडी अक्षरांचं, जाळीच्या फ्रेमवर उभं केलेलं, रस्त्याच्या अंगाला. दुपारचं ऊन त्या अक्षरांच्या फटींतून सरळ बाकावर यायचं.

निवडणूक लागली, आचारसंहिता आली. तहसीलची माणसं येऊन नावावर कापड बांधून गेली. मी आणि रफीकभाई तिथून जात होतो तर एक म्हातारबुवा बाकावर मस्त पाय पसरून झोपलेले. आम्हाला पाहून उठले.

"काय हो, हे कापड कवा काढनार?"

रफीकभाई म्हणाले, "निकाल लागला का काढतात बाबाजी."

"नोका काढू ना! पयल्यांदाच सावली झाली इथं!"

रफीकभाईंनी गाडी सुरू केली. मग म्हणाले, "ताई, ही बात साहेबाले नोका सांगजा." मी नाहीच सांगितली. सांगायला हवी होती का, ते अजून समजत नाही.

*

आमच्याकडे लग्नाला फार मान. खासदार मयतीला नाही आला तर लोक एकवेळ माफ करतील, लग्नाला नाही आला तर मत गेलं समजा! साहेब लग्नसराईत एका दिवसात इतक्या मांडवांत अक्षता टाकतात की एकदा त्यांनी नवरीच्या धाकट्या बहिणीलाच आशीर्वाद दिला.

अधिवेशन चालू होतं आणि साहेब दिल्ली सोडून एका लग्नाला आले. माइकवाल्याने लगेच घोषणा केली, "देशाचं अधिवेशन सोडून खास आपल्यासाठी आलेले आपले लाडके खासदार!" केवढ्या टाळ्या! आम्हीपण वाजवल्या. न वाजवून कसं चालेल?

नवरीचे आजोबा पुढच्या खुर्चीवर होते. त्यांनी साहेबांचा हात धरला. "साहेब, दिल्लीत सुट्टी हाय का?"

"नाही हो काका, जोरात चालू आहे."

"मंग तुमी इथं काहून?"

"तुमच्यासाठी काका!" साहेब म्हणाले, आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

आजोबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते शेजारच्याला म्हणाले, "आमी तं तिकडं धाडलं होतं बुवा ह्याले." नाना माझ्या बाजूलाच होते. त्यांनी हातातला जिलेबीचा द्रोण खाली ठेवून दिला.

*

साहेबांच्या लेटरहेडचा वऱ्हाडात मोठा दरारा. रेल्वेची सीट कन्फर्म करायला पत्र, दवाखान्यात खाट मिळायला पत्र. एक सासरेबुवा आले आणि म्हणाले, "सून माहेरी जाऊन बसली. व्याह्याले एक पत्र द्या, पोरीले पाठवा म्हनून."

नाना म्हणाले, हे आपलं काम नाही. पण साहेब समोर होते, आणि साहेबांना नाही म्हणता येत नाही. "अरे, संसार जुळत असेल तर काय हरकत आहे? देऊन टाका!" मी टाइप केलं, साहेबांनी सही केली. आठवडाभरात सून परत आली. सासरेबुवा पेढे घेऊन आले, आम्ही खाल्ले. किती दिवस हा किस्सा आम्ही हसत हसत सांगत होतो!

मग एक दिवस ती सून आली. बाकावर बसली, पिशवीतून ते पत्र काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"शिक्का पाहून माह्या बाबा भेले. सरकारचा हुकूम हाय म्हने, जा लागते." तिने पदर जरा सरकवला. दंडावर वळ होते. "आता मले सांगा मॅडम, मी माहेरी परत जाण्यासाठी कोनत्या साहेबाचं पत्र आणू?"

हसत सांगायचा तो किस्सा तिथं संपला. नाना तिला स्वतः घेऊन पोलीस चौकीत गेले आणि तिथून तिच्या माहेरी. मी ड्रॉवरमधले पेढ्यांचे रिकामे डबे काढून फेकले. लाज वाटली हो, दुसरं काय!

*

आता बोगद्याचं. नाना सकीनाबीचा प्रश्न घेऊन झपाटल्यासारखे लागले. लोकसभेत प्रश्न विचारायचा म्हणजे आधी नोटीस द्यावी लागते. सगळ्या खासदारांच्या नोटिसा गोळा होतात आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी सोडत निघते. नंबर लागला तर तारांकित प्रश्न होतो, म्हणजे मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. आणि त्याच्यावर आपल्या खासदाराला पुरवणी प्रश्न विचारता येतो.

"छापील उत्तर म्हणजे शिळी पोळी," नाना म्हणायचे. "खरा जीव पुरवणी प्रश्नात!" त्यांनी पुरवणी लिहून साहेबांकडून पाठ करून घेतली होती. 'मंत्रिमहोदय पावसाळ्यात एकदा स्वतः या बोगद्यातून चालत जातील काय?' साहेबांनाही ती भलतीच आवडली. गाडीत बसले की आवाज चढवून म्हणून पाहायचे.

आणि काय नशीब, सोडतीत आमचा नंबर लागला! नाना शाळेत पहिला आलेल्या पोरासारखे ऑफिसभर फिरले. गॅलरीत बसून पाहायला ते दिल्लीला निघाले. आयुष्यभर फळ्यावर संसद काढली होती, प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती. त्यांच्या मागोमाग आमचे काही कार्यकर्तेही शाल-श्रीफळ घेऊन रेल्वेत बसले.

इकडे कार्यकर्त्यांनी आणखी एक काम करून ठेवलं. फ्लेक्स! बोगद्याच्या गावाकडच्या तोंडाशी भिंतीला बांधला. साहेब बुटांपासून टोपीपर्यंत पूर्ण उभे, छातीशी हात जोडलेले. वर लिहिलं होतं, 'बोगद्याचा प्रश्न लोकसभेत मांडल्याबद्दल साहेबांचे जाहीर आभार. समस्त गावकरी.' प्रश्न मांडायला अजून दोन दिवस होते, आणि समस्त गावकऱ्यांना आपण आभार मानल्याचं फ्लेक्स वाचून समजलं!

मला आणि रफीकभाईंना प्रश्नाच्या दिवशी गावात पाठवलं, पेढे वाटायला आणि गावकऱ्यांच्या आनंदाचा व्हिडिओ काढायला. ग्रामपंचायतीत टीव्ही लावला होता. शबनमला खुर्ची दिली होती, बाकी सगळं गाव सतरंजीवर. सकीनाबीने नवी ओढणी घेतली होती.

आमचा प्रश्न यादीत बराच खाली होता. पण वरच्या एका खासदाराचं नाव पुकारलं, तो गैरहजर. त्याच्या पुढच्याचं पुकारलं, तोही नाही. असा आमचा नंबर पटकन वर आला. मी मोबाइल वर धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं.

अध्यक्षांनी साहेबांचं नाव घेतलं.

कोणी उठलं नाही. अध्यक्षांनी सभागृहावर नजर फिरवली, पुढचं नाव घेतलं, आणि कुठल्याशा दुसऱ्या राज्यातल्या बंदरावर बोलणं सुरू झालं.

"काय झालं बाई?" सकीनाबीने विचारलं. "आपला साहेब कोनता त्याच्यात?"

मी मोबाइल खाली केला. रफीकभाई खाली मान घालून म्हणाले, "साहेब जागेवर नाई चाची."

मागून एक जण समजूत घालायच्या सुरात बोलला, "तिकडंबी बोगदा असन बाप्पा. अडकले असतील कुठं."

कोणी हसलं नाही. तो खरंच साहेबांची बाजू घेऊन राहिला होता. मी पेढ्यांचा डबा ओढणीखाली झाकायला पाहत होते. सकीनाबीने तो पाहिला. "आनलेच तं वाटून टाका बेटा. कायले खराब करता?" तिने स्वतः उठून सगळ्या गावाला पेढे वाटले, पहिला शबनमला, शेवटचा मला.

*

साहेब होते कुठे? गेटवर! शाल घेऊन गेलेल्या कार्यकर्त्यांना आत यायचा पास मिळाला नव्हता. प्रश्न खाली आहे, वेळ आहे, म्हणून साहेब त्यांना भेटायला बाहेर आले. आपली माणसं इतक्या दुरून आलीत, नाही कसं म्हणायचं? गेटवर शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. प्रश्न मांडल्याबद्दल सत्कार चालू होता, तेव्हा आत प्रश्न पुकारला जात होता!

नाना परत आले आणि दोन दिवस नुसत्या फायली लावत बसले. मग एका दुपारी आपणहून म्हणाले, "मी गॅलरीतून पाहत होतो, सुनंदा. नाव पुकारलं, खुर्ची रिकामी. माझा हात वर गेला. वर्गात पोट्टे करतात तसा. शेजारच्या रखवालदाराने हळूच धरून खाली केला."

"हात कायले वर केला नाना?"

"म्हणणार होतो, मी विचारू का?" नाना हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. "चाळीस वर्षं शिकवलं की गॅलरीतल्या माणसानं बोलायचं नसतं."

मंत्र्यांचं छापील उत्तर रीतीप्रमाणे आलंच. बोगद्यातील पाण्याचा निचरा समाधानकारक आहे, असं त्यात होतं. नानांनी साहेबांना रेल्वेच्या अधिकाऱ्यांना भेटायला लावलं. अधिकारी म्हणाले, "साहेब, उत्तर तर सभागृहात ठेवलं गेलं, आणि तुमच्याकडून काही हरकत आली नाही." साहेबांनी चहा घेतला आणि बाहेर आले. फ्लेक्स काढायला जायची मात्र कोणाची हिंमत झाली नाही. त्या गावाला तोंड कोण दाखवणार?

*

पाऊस लागला. एका शनिवारी सकाळी साहेब ऑफिसात होते, पुढच्या दौऱ्याचं ठरत होतं. माझा फोन वाजला. सकीनाबी. साहेबांनी खूण केली म्हणून मी स्पीकर लावला.

"बाई, साहेबाचे हात बुडाले!"

साहेबांनी दचकून स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "काय म्हणतात त्या?"

"हात बुडाले वो! सकायी उठलो तं गुडघ्यापर्यंत होते, आता हातबी गेले. ट्रॅक्टर निंघत नाई. शबनमले कळा सुरू झाल्या. पंधरा दिवस बाकी हायेत म्हने डाक्टर, परवा तिले अमरावतीले बहिनीकडं नेनार होतो. अँब्युलन्सवाला विचारून राहिला, साहेब कुठवर हाय? मी सांगतलं हातावर, तं तो म्हने मंग मी येऊन फायदा नाई!"

मला कळेना. रफीकभाईंना कळलं. "फ्लेक्स," ते हळूच म्हणाले. "पानी त्याच्यावरून मोजतात ते लोक." आणि त्यांनी किल्ली उचलली.

साहेब उभेच राहिले. नाना त्यांच्याकडे बघत नव्हते. मी रफीकभाईंबरोबर गाडीत बसले. नानांनी फोनवर सांगितलं, बोगद्याकडे जाऊच नका, वरून रुळावरून आणा, आम्ही या बाजूला गाडी लावतो. दुसऱ्या फोनवरून ते स्टेशन मास्तरला विनवत होते, गाडी असेल तर थांबवा हो, बाई रुळावर आहे!

आम्ही पोचलो तेव्हा चार माणसं खाटेवरून शबनमला रुळाचा भराव उतरवत होती. चिखलात पाय ठरत नव्हते. खाट एका बाजूला कलली, तशी सकीनाबीने खालून स्वतःचा खांदा दिला. हात द्यायला मी भरावावर चढले, तर पलीकडे खाली बोगद्याच्या तोंडाशी गढूळ पाण्यातून साहेबांची मान आणि टोपी वर आलेली दिसत होती, आणि त्यावर 'जाहीर आभार'. गाडीत शबनमने माझं मनगट असं धरलं की रात्रीपर्यंत बोटांच्या खुणा होत्या. रफीकभाई हॉर्नवरचा हात काढत नव्हते आणि तोंडाने दुवा म्हणत होते.

दवाखान्याच्या दारातून आत नेलं, आणि थोड्याच वेळात नर्स बाहेर आली. मुलगी! आई बरी, मुलगी बरी. सकीनाबी चिखलाच्या पायांनी दारातच बसली. मी तिच्या बाजूला बसले आणि दोघी रडलो.

दुसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात आले. सोबत कार्यकर्ते, पेढे, मोबाइल. या वेळी साहेबांनी मोबाइल खाली करायला लावला. शबनमच्या खाटेशी जाऊन त्यांनी सकीनाबीपुढे हात जोडले, अगदी फ्लेक्सवर होते तसे.

"चाची, मी तुमच्या काहीच कामी आलो नाही."

"असं काहून म्हनता साहेब?" सकीनाबी उठून उभी राहिली. नात तिच्या हातात होती. "तुमचे लय उपकार हायेत. तुमचा फोटो होता म्हनून पानी किती चढलं ते घरबसल्या समजलं, मागच्या साली तेबी समजलं नोतं. अल्ला तुमाले लंबी उमर देवो."

सकीनाबी जरा संकोचली, मग म्हणाली, "फकत एक अर्जी हाय."

"बोला ना."

"पुढच्या बारीले फोटो जरा आनखीन मोठा लावजा. टोपी बुडाली का मंग आमाले कायीच समजत नाई."